दहा वेळा ‘नाही’

जयपूरला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे आमच्या मानसरोवर वसाहतीच्या बागेत फिरायला गेलो, तर आमच्या फिरणाऱ्या मंडळींपैकी चौघांनी एका सुरात विचारलं, “साहब, मूँछ कहाँ गई?” मी म्हटलं, समुद्रात. ते हसले. मला हसू आलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी सांगलीहून बदली होऊन इथे आलो तेव्हा माझ्या ओठावर नुसती पेन्सिलीची रेघ होती. राजस्थानचं पाणी लागलं आणि ती भरली, वळली, टोकं वर गेली. ऑफिसात मला नावापेक्षा मिशीवरून ओळखायचे. ती मिशी मी स्वतःच्या हाताने, पोटच्या मुलीच्या सांगण्यावरून, एका बेटावरच्या आरशासमोर काढून टाकली. ज्याच्यासाठी काढली ते झालं का, हेच सगळ्यांना ऐकायचं असतं. उभ्या उभ्या सांगून दमलो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

मी विमा कंपनीत होतो. नोकरीची शेवटची एकोणीस वर्षं क्लेम विभागात गेली. म्हणजे माणूस गेला की त्याने पॉलिसी घेताना फॉर्मवर आजार लपवला होता का, हे शोधायचं. साखर लपवलेले, दमा लपवलेले, दोन-दोन ऑपरेशनं लपवलेले, सगळे पाहिले. लोक खोटं बोलतात याचा मला राग यायचा नाही. इतकं ढिसाळ बोलतात, याचा यायचा.

आमची एकुलती एक मुलगी मीनल. जयपूरला आलो तेव्हा पहिलीत होती. पोहायला तिला मीच शिकवलं, कृष्णेत शिकलेल्या माणसाने मानसरोवरच्या निळ्या फरशीच्या टाकीत. तिला बँकेच्या परीक्षेला बसवायचं माझं ठरलेलं होतं. ती मैत्रिणींबरोबर आठ दिवस अंदमानला गेली आणि तिथेच राहिली! आधी पाण्याखाली जायला शिकली, मग शिकवायला लागली, आणि आता एका रिसॉर्टचं डायव्हिंग सेंटर चालवते. म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून लोकांना समुद्राच्या तळाशी न्यायचं आणि परत आणायचं. आमच्या सोसायटीत नळाला पाणी सकाळी तासभर येतं. तिथून उठून पोरीने समुद्रात दुकान टाकलं. मी दीड वर्ष तिच्याशी धड बोललो नाही. मग हळूहळू बोलायला लागलो. दर फोनला ती म्हणायची, “बाबा, एकदा या ना. मी तुम्हाला खाली नेऊन दाखवते, मतलब मी इथे का राहिले ते.”

आता जे सांगतो ते तिला माहीत नव्हतं. मागच्याच्या मागच्या दिवाळीत माझी अँजिओप्लास्टी झाली. छातीत एक स्टेंट आहे. आम्ही तिला सांगितलं, मिरजेला लग्नाला चाललोय. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात पडलेलो होतो आणि उशाशी मशीन बीप बीप करत होतं. तिने विचारलं, “हा कसला आवाज?” मी म्हटलं, “लग्नघर आहे, वॉशिंग मशीन चालू आहे.” सुधा, माझी बायको, माझ्याकडे बघत राहिली. मी तिला खुणेने सांगितलं, पोरगी एवढ्या लांब एकटी आहे, तिला टेन्शन नको. परमुलखात मुलं असलेल्या घरांत हे सर्रास चालतं. शेजारच्या बँकवाल्या जोशांनी तर मोतीबिंदूसुद्धा लपवला होता.

पण त्या खाटेवर पडल्या पडल्या मी एक ठरवलं. किती दिवस उरलेत कुणाला ठाऊक. मुलीने ज्याच्यासाठी माझं ऐकलं नाही, ते तिच्याबरोबर खाली जाऊन एकदा डोळ्यांनी बघायचं.

तिकिटं काढली आणि तिने फॉर्म पाठवला. दहा प्रश्न. हृदयाचा काही त्रास? रक्त पातळ करायच्या गोळ्या? दमा? फिट्स? मी चष्मा लावला, पेन घेतलं आणि दहा वेळा ‘नाही’वर खूण केली. वयामुळे डॉक्टरची चिठ्ठीही लागत होती. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांनी कधीच दिली नसती. मग मी खालच्या मजल्यावरच्या शर्माजींकडे गेलो. ते दातांचे डॉक्टर. कोऱ्या कागदावर ‘तब्येत उत्तम’ असं लिहून त्यांनी शिक्का मारला. डॉक्टर आहेत की नाहीत? आहेत. दातांचा चालणार नाही असं फॉर्मवर कुठे लिहिलं होतं?

सुधा म्हणाली, “अहो, एकोणीस वर्षं तुम्ही लोकांना याच्याचसाठी नोटिसा पाठवल्या.”

मी म्हटलं, “ते वेगळं.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. आज लिहितोय. तेव्हा सुचलं नव्हतं.

बेट

बेटाचं नाव लिहायचं नाही, ही मीनलची अट. ओळखीचे लोक आले की फॉर्म नीट भरत नाहीत, असं ती म्हणते. तेव्हा पोर्ट ब्लेअरहून पुढे बोटीने जावं लागतं, एवढंच सांगतो. पोर्ट ब्लेअरचंही नाव आता बदललंय, पण धक्क्यावरचे हमालसुद्धा जुनंच म्हणतात. बोटीत सुधाला बोट लागली. तिने जयपूरहून आणलेलं भडंग तीन परक्या बायकांनी तिच्या डोळ्यांदेखत संपवलं आणि तिला ‘नको’ एवढंसुद्धा म्हणता आलं नाही.

मला वाटलं होतं, सेंटर म्हणजे काचेचं ऑफिस असेल, एसी असेल, मीनल कॉम्प्युटरसमोर बसलेली असेल. तिथे पोचलो तर नारळाच्या झाडाखाली पत्र्याची एक शेड. बाहेर दोरीवर काळे रबरी सूट वाळत घातलेले. आत एक मशीन धडधडतंय आणि त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून कुणीतरी एका धिप्पाड गड्याला हिंदीत असं झापतंय की जयपुरातल्या झोटवाड्याच्या वर्कशॉपातला फोरमनही लाजेल. त्या माणसाने वळून पाहिलं. ती माझी मुलगी होती! हाफ पँट, कोपरापर्यंत ग्रीस, उन्हाने रापून काळीकुट्ट. माझे डोळे पांढरे झाले. सुधाच्या हातातली पिशवी खाली पडली.

“आई! बाबा! लवकर आलात, मला वाटलं, अजून तासाभराने याल,” असं म्हणत ती धावत आली. धावताना डाव्या पायातली चप्पल घसरली. मी चौतीस शब्द मनात घोकून आणले होते, त्यातला एकही निघाला नाही. तोंडून निघालं ते हेच, “पाय घासत चालू नकोस.”

लहानपणापासून हेच सांगत आलोय. ती हसली.

जेवायला मासे. आम्ही खात नाही. जयपूरचे पाहुणे म्हटल्यावर तिथल्या कुकने आमच्यासाठी खास दाल-बाटी केली. बाटी म्हणून त्याने वडापावचे पाव तुपात तळले होते आणि डाळीत नारळाचं दूध होतं. सुधाने दोनदा मागून घेतलं. सव्वीस वर्षांत आमच्या घरच्या बाटीला तिने कधी असा मान दिलेला मी पाहिलेला नाही.

दुसरा दिवस: गोळी घेतली का?

सकाळी मी शेडमध्ये कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो आणि मुलीचं काम बघत राहिलो.

ते धडधडणारं मशीन सिलिंडरमध्ये हवा भरतं. भरून झालं की मीनल प्रत्येकाचा नळ किंचित सोडते आणि डोळे मिटून हवेचा वास घेते. धूर आत गेला असेल तर खाली माणूस मरतो, म्हणाली. किती सहज म्हणाली! आमच्याकडे टँकर आला की मी पाण्याचा वास घेतो, त्याच्यापलीकडे माझी झेप नाही.

मग पाहुणे आले. त्यात एक गुप्ताजी. बोलता बोलता निघालं की झोटवाड्यात त्यांचा नळाच्या तोट्यांचा कारखाना आहे. जगाच्या टोकाला जा, जयपूरचा माणूस भेटतोच! मला आनंद झाला. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. सगळीकडे ‘नाही’. मीनलने फॉर्म पाहिला, हसली, कारखान्याची चौकशी केली, मुलांची चौकशी केली आणि मध्येच सहज विचारलं, “अंकल, सुबह वाली गोली ले ली?”

“हाँ हाँ, नाश्ते के बाद,” गुप्ताजी म्हणाले.

“किस चीज़ की है?”

गुप्ताजी सापडले. बीपीची होती, आणि दुसरी हृदयाची. मीनलने फॉर्म परत त्यांच्या हातात दिला. आज नाही, उद्याही नाही, म्हणाली. ते उसळले. इतक्या लांबून आलोय, बायकोसमोर अपमान केला, मालकाला सांगतो. शेवटी म्हणाले, “बेटी, हम भी जयपुर के, तुम भी जयपुर की!”

“इसीलिए तो नहीं ले जा रही, अंकल,” मीनल म्हणाली.

मी खुर्चीत ताठ झालो. अहो, हा प्रश्न माझा! ‘आजार आहे का’ असं कधी विचारायचं नाही. ‘गोळी घेतली का’ असं विचारायचं, माणूस आपोआप उत्तर देतो. मेलेल्यांच्या घरी चौकशीला जाऊन आलो की रात्रीच्या जेवणाला हेच मी घरी रंगवून सांगायचो. ताटावर बसलेली मीनल तेव्हा मान खाली घालून भात चिवडत असायची. मला वाटायचं, ऐकत नाही.

अभिमानाने ऊर भरून आला, पण खाई त्याला खवखवे. आता माझी पाळी येणार होती.

आलीच. दुपारी शहाळं पिताना तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “बाबा, सकाळची गोळी घेतली ना?”

मी तयारीत होतो. “कसली गोळी? मी काय म्हातारा झालोय?”

तिने सुधाकडे पाहिलं. सुधाने शहाळ्यात तोंड घातलं ते वर काढलंच नाही. मीनलने शहाळं खाली ठेवलं. मग म्हणाली, “ठीक आहे. उद्या सकाळी बोट. पण बाबा, मिशी काढावी लागेल.”

“काय?”

डोळ्यांवर आणि नाकावर जो काचेचा मास्क बसतो, त्याची कड ओठावर टेकते. मिशी मध्ये आली तर पाणी आत शिरतं. थोडी वरून कातरून चालेल का, मी विचारलं. तिने नुसतं माझ्या मिशीकडे पाहिलं. खोलीत जाऊन वस्तरा घेतला. सुधा दारात उभी होती. “अहो, अजून वेळ गेली नाही. सांगून टाका,” ती म्हणाली. “मिशी गेली तर येईल परत.”

मी साबण लावला. अर्धी काढून झाल्यावर मीनलही दाराशी येऊन उभी राहिली. दोघी मायलेकी बघत होत्या. मीनल म्हणाली, “बाबा, काही बोलायचंय का तुम्हाला?” मी आरशातूनच मान हलवली. नाही. हे अकरावं.

तिसरा दिवस: बोट

बोट चालवणारे नित्यदा, पन्नाशीचे बंगाली गृहस्थ, त्यांचे वडील निर्वासित म्हणून या बेटावर आलेले. रबराच्या सुटात मला कोंबायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. “अंकल जी, साँस छोड़िए, साँस छोड़िए,” करत त्यांनी मला उसासारखं दाबून आत बसवलं.

बोट सुटण्याआधी मीनलने हजेरी घेतली. तिचा नियम असा की ज्याचं नाव त्याने स्वतःच्या तोंडाने ‘हूँ’ म्हणायचं, जाताना एकदा आणि येताना एकदा. दुसऱ्याने कुणासाठी म्हणायचं नाही. माझं नाव आलं. मी सुटाची चेन ओढण्यात गुंतलो होतो, तर सवयीने सुधा म्हणाली, “आहेत, आहेत.”

“आई!” मीनल एवढ्या जोरात ओरडली की बोटीवरचे सगळे दचकले. “त्यांचं त्यांनी बोलायचं!”

मी म्हटलं, “हूँ.”

बोटीवर पुण्याचं एक तरुण जोडपं आणि दोन शिकवणारे गडी होते. अर्ध्या तासाने नित्यदांनी इंजिन बारीक केलं. पाणी असं स्वच्छ की खालची वाळू दिसत होती. जोडप्याला गड्यांनी सिलिंडर चढवायला सुरुवात केली. मी मीनलकडे पाहिलं. ती हाफ पँटमध्येच होती.

“तू सूट घालत नाहीस?”

“माझं काम वर असतं, बाबा.”

“म्हणजे? मी काय या गड्याचा हात धरून खाली जायला आलोय? तू नेणार होतीस मला! दर फोनला सांगत होतीस!”

माझा आवाज चढला होता. तेवढ्यात नित्यदांनी पुढून हाक मारली, नांगर नीट बसत नव्हता. तिने हातातली फॉर्मची फाइल माझ्या मांडीवर ठेवली आणि शिडीचा बार धरत, पाऊल चाचपत, पुढे गेली. डावा पाय घासतच होती. मी ‘पाय उचल’ म्हणणार, तेवढ्यात वाऱ्याने फाइल उघडली.

वरती माझा फॉर्म. दहा ‘नाही’. त्याच्याखालचा फॉर्म बोटीवरच्या नोकरांचा होता, त्यांनाही तोच भरावा लागतो. नाव मीनल. मी दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे मला कळतं. पण चौकटी दिसल्या की माझे डोळे आपोआप खाली धावतात, नोकरीनेच लावलेली खोड. आठ ठिकाणी ‘नाही’. नवव्या प्रश्नावर ‘हो’. पाण्याखाली कधी अपघात, दाबाचा आजार? हो. दहाव्यावर ‘हो’. सध्या काही त्रास? खाली तिचं ते शाळेपासूनचं किरटं अक्षर: डाव्या पायाची संवेदना कमी. पाण्याखाली जाण्यास डॉक्टरांची मनाई.

पायाखालची वाळू सरकली म्हणतात ना, तसं झालं. मी तो कागद तीनदा वाचला. परवापासून मी तिला पाय घासू नकोस म्हणून बोलत होतो. आल्या आल्या, पहिलंच वाक्य!

ती परत आली तेव्हा कागद माझ्या हातात होता. मी म्हटलं, “मीनल, हे काय?”

तिने पाहिलं. रागावेल असं वाटलं, पण ती समोरच्या फळीवर बसली. “मागच्या वर्षी,” ती म्हणाली. “एक अंकल होते. तुमच्याच वयाचे. फॉर्मवर सगळं ‘नाही’. खूप खाली गेल्यावर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ते घाबरले आणि सरळ वर निघाले. मतलब, वर हळू यायचं असतं, थांबत थांबत. नाहीतर रक्तात बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. मी त्यांना धरून होते. सोडलं असतं तर ते गेले असते.”

“मग?”

“ते वाचले. मला सहा दिवस पोर्ट ब्लेअरला दाबाच्या टाकीत ठेवलं, रोज काही तास. आता मी खाली जात नाही. सेंटर वरून चालवते.”

सुधाने तोंडावर हात ठेवला. मला एक फोन आठवला. मागच्या वर्षीचाच. तिच्या मागे सारखं घूं घूं चाललं होतं. मी विचारलं होतं, हा कसला आवाज?

“तो जनरेटर?” मी म्हटलं.

“जनरेटर नव्हता, बाबा.”

“आम्हाला का नाही सांगितलंस?” मी विचारलं. “आम्ही मेलो होतो का?”

“तुम्हाला टेन्शन नको म्हणून.”

काय सांगू तुम्हाला, कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. हेच शब्द. शब्दाला शब्द तेच. कुणा एका म्हाताऱ्याने दहा खुणा खोट्या केल्या आणि माझ्या मुलीचा पाय गेला. आणि त्याच दहा खुणा करून मी तिच्याच बोटीत बसलो होतो, रबराच्या सुटात, मिशी काढून. मला स्वतःची शिसारी आली.

फाइलला पेन दोरीने बांधलेलं होतं. पहिल्या प्रश्नावरची खूण खोडली आणि ‘हो’ केलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या: ‘हो’. शर्माजींची चिठ्ठी फाडली. मग फॉर्म तिच्या हातात दिला.

तिने वाचला. बराच वेळ वाचत राहिली. “कधी?”

“मागच्याच्या मागच्या दिवाळीत.”

“मिरजेचं लग्न?”

“लग्न नव्हतं.”

“वॉशिंग मशीन?” तिने विचारलं, आणि मग ती माझ्यावर ओरडली. बोटीवर, परक्या लोकांसमोर, हिंदी-मराठी जे येईल त्यात. मी खाली मेलो असतो तर तिने काय करायचं होतं, आईला काय सांगायचं होतं, ती उडी मारून मला आणायलासुद्धा जाऊ शकली नसती, हे मला समजतं का! पुण्याचं जोडपं समुद्राकडे बघत होतं. नित्यदांनी हळूच इंजिन बंद केलं. मी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढे ‘ते वेगळं’ असं म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं.

ओरडून झाल्यावर ती रडली. मग नाक पुसून म्हणाली, “बाबा, बोटीवर सिलिंडर किती आहेत? मोजा.”

मी मोजले. चार. जोडप्याचे दोन, गड्यांचे दोन.

“तुमचा मी चढवलाच नव्हता,” ती म्हणाली. “शर्मा अंकलचा शिक्का मी ओळखते. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली होती.”

एकोणीस वर्षं मी क्लेममध्ये होतो आणि बोटीवरचे सिलिंडर मोजले नव्हते.

“मग हा सूट? मिशी कशाला काढायला लावलीस?”

“वाटलं, मिशी काढताना तरी सांगाल,” ती म्हणाली. “तुम्ही स्वतः सांगावं म्हणून वाट बघत होते. कालपासून.”

फाइल तिने माझ्या मांडीवर मुद्दाम ठेवली होती का, हे मी अजून विचारलेलं नाही.

जोडपं आणि गडी पाण्यात उतरले आणि दिसेनासे झाले. नित्यदांनी कुठूनतरी एक बादली काढली, तळाला काच बसवलेली. इथले मच्छीमार ती पाण्यावर टेकवून खाली मासे बघतात. मीनलने ती बोटीच्या कडेवरून पाण्यात धरली. “या,” म्हणाली. मी वाकलो, तीही वाकली. दोघांची डोकी एका बादलीत. खाली पिवळे, निळे मासे एका खडकाभोवती फिरत होते आणि त्या खडकाला जांभळी, हिरवी झाडं फुटलेली होती. इतका रंग मी जन्मात पाहिला नव्हता.

“मी पण आता एवढंच बघते,” ती म्हणाली.

मी तिच्या डोक्याला डोकं टेकवून तसाच राहिलो. थोड्या वेळाने, बादलीतून नजर न काढता, तिने विचारलं, “सकाळची गोळी घेतली?”

“घेतली,” मी म्हटलं.

मानसरोवर

परत येऊन महिना होत आला. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शर्माजींनाही जाऊन सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि बरोबरच केलं त्यांनी. मिशीचे खुंट आलेत, पांढरे. बागेतली मंडळी चिडवतात. चिडवू देत.

एक नवा नियम झालाय. रोज सकाळी आठला मीनलचा व्हिडिओ कॉल येतो. ‘कसे आहात’ असं विचारायचं नाही आणि ‘बरंय’ असं सांगायचं नाही. सुधाने माझ्या वतीने बोलायचं नाही. मीनल म्हणते, “गोळी?” मी गोळी कॅमेऱ्यासमोर धरतो, तोंडात टाकतो, पाणी पितो, आ करून दाखवतो. मग मी म्हणतो, “पाय?”

ती फोन खाली करते. आधी वाळू दिसते, मग तिचं डावं पाऊल. ती एकेक बोट हलवून दाखवते. अंगठा हलतो. त्याच्या शेजारची तिन्ही हलतात, सावकाश. करंगळी अजून हलत नाही.

“नाही,” ती म्हणते. मी फोन ठेवत नाही. आम्ही तिघंही त्या करंगळीकडे बघत बसतो.